कोहळी : नांव आणि काम

शाळामास्तराच्या हातून जन्मभर दोनच गोष्टी अतोनात लिहिल्या जातात : फळ्यावरची तारीख आणि पटावरचीं नांवें. तारीख दुसऱ्या दिवशीं पुसली जाते. नांवें मात्र राहतात, आणि मास्तराची चूक झाली असेल तर त्या चुकीसह राहतात. माझ्या हातून झालेल्या अशा एका चुकीपासून आजच्या बोलण्याला आरंभ करतों; कारण कोहळी या नांवाचा अर्थ मला त्या चुकीनेंच शिकविला. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुरतें आहे. तेव्हां हें पंडिताचें व्याख्यान नव्हे. एका जुन्या शिक्षकानें कान पिळला गेल्यावर केलेला अभ्यास आहे, असें समजून आपण तें ऐकावें.

गोंदिया जिल्हा तेव्हां निराळा झालेला नव्हता. १ मे १९९९ रोजीं तो भंडारा जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. ही गोष्ट त्याच्या दहा-बारा वर्षें आधींची. अर्जुनी मोरगांवच्या बाजूला एका खेड्यांतील शाळेंत मी नुकताच बदलून गेलों होतों. पहिलीच्या प्रवेशाचे दिवस होते. एका मुलाला घेऊन त्याची आई आली. नांव, बापाचें नांव, आडनांव, जन्मतारीख हें सारें लिहून झाल्यावर जातीचा रकाना भरण्यासाठीं मीं विचारलें. बाई हळूच म्हणाल्या, "कोहळी." मी नागपूरकडचा, हा शब्द मीं तोंवर ऐकलेला नव्हता. मला वाटलें, बाईंचा उच्चार गांवठी आहे. मीं शहाणपणानें 'कोळी' असें लिहिलें आणि पुढच्या मुलाला हांक मारली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलाचे आजोबा शाळेच्या पायरीवर बसलेले. मला पाहून उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "गुरुजी, काल तुमी आमच्या नातवाच्या हाती जाळं देलं. आमी पाळ बांधनारे लोक. जाळं टाकनारे निराळे." एका अक्षराचाच तर फरक आहे, असें कांहींतरी बोलून मी वेळ मारून नेऊं लागलों. त्यावर ते शांतपणें म्हणाले, "संध्याकाळी पाळीवर या."

एका अक्षराचा फरक ही लहान गोष्ट नव्हती. शाळेच्या रजिस्टरांतली जात हा आपल्याकडे जन्मभराचा पुरावा असतो. रजिस्टरांतून ती दाखल्यावर उतरते. दाखल्यावरून प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर शिष्यवृत्ति व नोकरी. बापाच्या कागदावर एक आणि मुलाच्या कागदावर दुसरें असें झालें म्हणजे त्या मुलाला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. माझ्या लेखणीखालीं गळलेला तो 'ह' एवढा महाग होता.

संध्याकाळीं मी तलावाच्या पाळीवर गेलों. एका बाजूला उन्हाळ्यानें आटलेलें पाणी, दुसऱ्या बाजूला नांगरून ठेवलेल्या धानाच्या बांध्या. आजोबा म्हणाले, "हे नाव आमी ठेवलं नाही, गुरुजी. गावात सारेच कोहळी; मंग आपल्यालेच कोहळी काहून म्हनू? दुसऱ्यानं म्हटलं, म्हनून झालं."

व्यवसायावरून पडणाऱ्या नांवांचें सारें मर्म या बोलण्यांत आलें आहे. धंद्याचें नांव माणूस आपण होऊन धारण करीत नाहीं. तें शेजारी देतात. गांवांत लोहार एक, कुंभार एक, सुतार एक. म्हणून भाता चालविणारा रामा कोणता आणि चाक फिरविणारा रामा कोणता, हें सांगण्यास धंदा उपयोगी पडतो. ज्या वस्तींत सारेच एक काम करतात तेथें त्या कामाच्या नांवानें माणूस ओळखतां येत नाहीं. तेथें घराण्यांना आपसांत दुसरीं नांवें घ्यावीं लागतात. यावरून दुसरी गोष्ट निघते. जें काम गांवोगांव कोणा एकाला करावें लागतें त्याचें नांव देशभर पसरतें. जें काम एखाद्याच मुलखांत चालतें त्याचें नांव विरळ राहतें. आणि तें नांव जेथें सांपडतें तो मुलूख त्या कामाचा, असें बहुधा समजावें. माणसांचेंच काय, गांवांचेंहि असेंच आहे. आमच्या गोंदिया शहराचें नांव गोंद म्हणजे डिंक यावरून पडलें असें सांगतात. आसपासच्या रानांतला डिंक आणि लाख येथें विकावयास येत असे.

आपल्या ओळखीचीं आडनांवें या कसोटीवर लावून पाहा. पाटील आणि कुलकर्णी गांवोगांव आढळतात, कारण पाटिलकी आणि कुलकर्ण गांवोगांव होतें. नाणीं पारखणारा पोतदार त्या मानानें कमी. टांकसाळी थोड्याच शहरांत, म्हणून टांकसाळे हें आडनांव त्याहून कमी. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या शेवटचा 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', अर्थात् लिहिणारा. नागपूरकडच्या प्रसिद्ध घराण्यानें तोच शब्द 'चिटणवीस' असा अधिक पुरा राखला. हुद्दा एकच, पण आडनांव ऐकतांच तें पुण्याकडचें कीं नागपूरकडचें, हें जाणत्याच्या ध्यानांत येतें.

हा नियम केवळ आपल्याकडचा नाहीं. पूर्व युरोपांत स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या राष्ट्रांत लोहारकामावरून आलेलीं आडनांवें विपुल आहेत : पोलंडांत कोवाल्स्की, चेक लोकांत कोवार्झ, रशियांत कुझ्नेत्सोव्ह. घोड्याला नाल मारणारा आणि नांगराचा फाळ शेवटणारा माणूस तेथेंहि प्रत्येक खेड्याला हवा होताच. परंतु त्याच लोकांत 'रिब्निकार' हें आडनांव मात्र क्वचित् आढळतें. रिब्निक म्हणजे मासे पाळण्याचें तळें. रिब्निकार म्हणजे तळें सांभाळणारा. मूळच्या स्लोव्हेनियाकडील अशा एका घराण्यांतील व्लादिस्लाव्ह रिब्निकार यांनीं १९०४ सालीं सर्बियाच्या बेलग्रेड शहरीं 'पोलितिका' हें दैनिक काढलें, आणि तळेराख्याचें आडनांव वर्तमानपत्राच्या इतिहासांत जाऊन बसलें. चेक देशांतील त्रेबोन्यच्या परिसरांत तळीं बांधणें ही मोठी विद्या मानली जाई. तेथील रोझम्बेर्क नांवाचा विस्तीर्ण तलाव याकुब क्रचीन यानें १५८४ ते १५९० या काळांत, म्हणजे आपल्याकडे अकबर राज्य करीत असतांना, बांधून काढला. लोहार सर्वत्र, तळेवाला मात्र भूमि मागेल तेथेंच.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'लोहार' आणि 'रिब्निकार' या दोहोंच्या शेवटीं 'आर' आहे. लोहारांतला 'आर' हा संस्कृत 'कार' याचा झिजून राहिलेला अवशेष. लोहकार, कुंभकार, सुवर्णकार यांचे लोहार, कुंभार, सोनार झाले. रिब्निकारांतला 'आर' हा युरोपांत लॅटिनच्या वाटेनें पसरलेला निराळाच प्रत्यय. कानाला सारखें लागलें म्हणून कूळ एक होत नाहीं. मीं शाळेंत केलेली चूक ती हीच.

कोहळी या नांवाला असे फसवे सोबती तीन आहेत. पहिला कोळी. समुद्रकांठचे आणि सह्याद्रीच्या डोंगरांतले कोळी आपणांस ठाऊक आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यांत मासेमारीचें काम मुख्यतः ढिवरांचें. ढिवर हें संस्कृत 'धीवर' शब्दाचेंच रूप. ज्या तलावाची पाळ कोहळ्यानें बांधली त्याच तलावांत ढिवर जाळें टाकतो. कामें दोन, नांवें दोन, आणि पाणी मात्र एक. दुसरा सोबती पंजाबांतील कोहली. तें तेथील खत्री समाजांतलें आडनांव असून एका नामवंत क्रिकेटपटूमुळें आज घरोघर पोंचलें आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलें म्हणजे कोहली आणि कोहळी यांत भेद उरत नाहीं. म्हणून शहरांत नोकरीसाठीं गेलेल्या आमच्याकडच्या तरुणांना, तुम्ही पंजाबी कां, असा प्रश्न ऐकावा लागतो. तिसरा सोबती परसांतला कोहळा. त्यावरून शाळेंतलीं मुलें एकमेकांना चिडवितात, यापलीकडे त्या वेलाचा या नांवाशीं संबंध नाहीं.

मग या नांवाचें मूळ कोठें शोधावें? रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं उत्तर हिंदुस्थानांतील कोइरी, म्हणजे भाजीपाला पिकविणारे शेतकरी, यांच्या नांवाशीं कोहळी नांवाचें साम्य दाखविलें आहे. चांद्याच्या एका गोंड राजानें काशीहून परततांना आमचे पूर्वज बरोबर आणले, ही कोहळ्यांची दंतकथाहि त्यांनीं नोंदविली. भंडाऱ्याकडचे कोहळी आपली पहिली वस्ती लांजी येथें झाली असें सांगत. ही लांजी आतां मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्ह्यांत आहे. पण तेच ग्रंथकार पुढें म्हणतात कीं, भाषा, चालीरीती आणि कुळांचीं नांवें पाहतां हे लोक मराठी मुलखांतले आणि कुणब्यांच्या जवळचे दिसतात. दंतकथा एकीकडे आणि भाषा दुसरीकडे ओढूं लागली म्हणजे मी भाषेला कौल देतों. शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट सांगतां सांगतां हजार वर्षांची होते. घरांत, शेतांत, चुलीपाशीं बोलली जाणारी भाषा इतक्या सहज बदलत नाहीं. शिवाय नांवाची व्युत्पत्ति कोणतीहि असो, त्याचा अर्थ या खोऱ्यानें केव्हांच ठरविला आहे. तलाव बांधणारा आणि त्या पाण्यावर धान व ऊस पिकविणारा, तो कोहळी.

हें काम याच मुलखांत कां वाढलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. येथें पाऊस थोडा नाहीं. वर्षाकाठीं सुमारें ५० इंच पडतो. पण पीक धानाचें. पऱ्हे टाकून, रोवणी करून, शेत हिरवेंगार झाल्यावर भाद्रपद-आश्विनांत पावसानें पाठ फिरविली तर हातातोंडाशीं आलेलें धान उभें वाळतें. त्या वेळीं लागणारें एक-दोन वेळचें पाणी गांवाजवळ असावें लागतें. जमिनीची ठेवणहि सोईची आहे. मधूनमधून बुटक्या टेकड्या आणि त्यांच्यामधून उतरणारे नाले. दोन टेकड्यांमधली फट मातीच्या पाळीनें बुजविली कीं तलाव झाला.

सांगावयास हें सोपें आहे. पण पाळीची जागा चुकली तर पाणी ठरत नाहीं; सांडवा चुकला तर पहिल्याच मोठ्या पुरांत पाळ फुटून खालचीं शेतें वाहून जातात. पाणी सोडण्यासाठीं पाळीच्या पोटांतून मोरी काढावी लागते. तिला इकडे तुडुम म्हणतात. वरच्या तलावाचें जास्तीचें पाणी खालच्या तलावांत, तेथून लहान तळ्यांत म्हणजे बोडींत, आणि बोडींतून बांधींत उतरेल अशी सांखळी साधावी लागते. हें सारें मोजणीच्या दुर्बिणीवांचून आणि कागदावरच्या नकाशावांचून. तें कसें जमे, असें मीं आजोबांना विचारलें. ते म्हणाले, "पावसात उभं राहाचं आन् पानी कोनीकडे जाते थे पाहाचं. पाळ कुठं घालाची हे पानीच सांगते."

या विद्येचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे नवेगांव बांध. अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यानें हा तलाव बांधला असें परंपरा सांगते. सात बहिणींच्या डोंगरांच्या कुशींत पसरलेलें हें पाणी सुमारें ११ चौरस किलोमीटर आहे. बांधणारा मागाहून देव झाला. कोलासूर या नांवानें लोक त्याला भजतात. १९७५ सालीं या परिसराचें राष्ट्रीय उद्यान झालें आणि २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. तेथें जाणाऱ्या पुष्कळांना तें सरोवर रानाइतकेंच निसर्गनिर्मित वाटतें. तें मातीच्या टोपल्यांनीं उभें राहिलेलें शेतकऱ्याचें काम आहे, हें सांगणारी खूण एकच : गांवाच्या नांवांतला 'बांध' आणि बांधणाऱ्याच्या नांवांतला 'कोहळी'. कोलू हें आईबापांनीं ठेवलेलें नांव, पाटील हें गांवानें मानलेलें नांव आणि कोहळी हें कामानें दिलेलें नांव. त्या काळीं कोहळी हा शब्द आजच्या आडनांवाच्या जागीं बसत होता, तो असा.

राजसत्तेचा आधारहि या विद्येला होता. रान तोडून जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालीं भिजणारी जमीन द्यावी, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत होती असें सांगतात. अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर-गडचिरोलीकडील कांहीं गांवांच्या नांवांना हा शब्द अजून चिकटलेला आहे. बक्षीस पाण्याच्या मापानें मिळणार म्हटल्यावर पाणी अडविण्याचें शास्त्र वाढलें यांत नवल नाहीं.

आतां या नांवाच्या प्रसाराकडे वळूं. १९११ सालच्या खानेसुमारींत कोहळी सुमारें २६,००० होते, आणि ते जवळजवळ सगळे तेव्हांच्या भंडारा व चांदा या दोनच जिल्ह्यांत. महाराष्ट्राच्या पसाऱ्यांत ही संख्या अगदीं थोडी. आजहि हें नांव साकोली, लाखांदूर, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगांव या बाजूला आणि चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या तलावांच्या पट्ट्यांत ऐकूं येतें. तेथून पश्चिमेकडे निघालें कीं लवकरच विरून जातें. तलावांचा नकाशा काढा आणि नांवाचा काढा. एकावर एक ठेवले तर फारसे सरकणार नाहींत.

मात्र पटावर आडनांव म्हणून 'कोहळी' शोधूं जाल तर तें सहसा सांपडावयाचें नाहीं. तेथें डोंगरवार, कापगते, परशुरामकर, लंजे अशीं आडनांवें दिसतील. कारण आजोबांनीं सांगितलें तेंच : सारेच कोहळी असल्यावर घर ओळखण्यास दुसरी खूण लागते. यांतील 'कर' हा प्रत्यय आपल्याला कोंकणापासून परिचित आहे. 'वार' मात्र पूर्व विदर्भाचा विशेष. त्याचें नातें तेलुगू 'वारु' या शब्दाशीं जोडतात. आडनांव उच्चारलें कीं गोदावरीपलीकडच्या शेजाराचा पत्ता लागतो तो असा.

तलाव केवळ कोहळ्यांनींच बांधले असेंहि नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागांतील पोवार हे धानशेतींत आणि तलाव बांधण्यांत तितकेच तरबेज. पण ते माळव्याकडून येतांना आपलें कुळनांव बरोबर घेऊन आले. बिसेन, पटले, रहांगडाले, कटरे, टेंभरे हीं कुळें त्यांनीं येथेंहि टिकविलीं. ज्याच्याजवळ जुनें नांव आहे त्याला शेजारी नवें देत नाहींत. त्यांच्यांत 'पारधी' हेंहि एक कूळ आहे. म्हणून त्या घरचे लोक शिकार करणारे पारधी, असा तर्क कोणी केला तर तो मीं केलेल्या चुकीचाच भाऊ ठरेल.

आतां थोडें दुःखाचें. इंग्रजी अमलांत हे तलाव गांवच्या मालगुजारांकडे होते. जमीनदारी व मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० सालीं झाला, १९५१ सालापासून तो लागू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हें योग्यच झालें. रयतेला तिचा जाच थोडा नव्हता. पण तिच्याबरोबर दर उन्हाळ्यांत पाळीवर माती टाकण्याची आणि पोटांतला गाळ उपसण्याची गांवकीची शिस्तहि सैल झाली. तलाव सर्वांचे झाले आणि निगा कोणाचीच राहिली नाहीं. सरकारी कागदावर ते 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून उतरले. त्याचें संक्षिप्त रूप 'मामा तलाव'. पूर्व विदर्भांत असे तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. शहरांतून आलेल्या माणसाला वाटतें, हा कोणा मामाचा तलाव असावा! पाहा, पाऊणशें वर्षांत एका नांवाचा अर्थ कसा हरवतो तें. मग तीनशें वर्षांपूर्वींच्या नांवाला मीं एका क्षणांत 'कोळी' केलें, यांत आश्चर्य तें काय?

म्हणून श्रोतेहो, एवढीच विनंती. आपल्या घरांत जें आडनांव चालत आलें आहे तें कोणीं दिलें आणि कोणत्या कामासाठीं दिलें, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. उच्चाराच्या साम्यावर विसंबूं नका. नांव जेथें दाट सांपडतें तेथील माती, पाणी आणि पीक पाहा. पुष्कळदां उत्तर तेथेंच असतें. आणि ज्यांच्या हातीं रजिस्टर आहे त्यांनीं समोरच्या आईचा उच्चार आपल्यापेक्षां अधिक खरा असूं शकतो, हें ध्यानांत ठेवावें.

पाळीवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशीं मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मीं ती नोंद दुरुस्त केली. माझ्या काळ्या शाईच्या 'कोळी'मध्यें तांबड्या शाईचा 'ह' घातला, शेजारीं तारीख टाकली आणि मुख्याध्यापकांची सही घेतली. आजोबांना तें दाखविलें. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनीं त्या तांबड्या अक्षरावर बोट ठेवलें आणि विचारलें, "हेच का गुरुजी?" मीं म्हटलें, "हेंच." ते समाधानानें उठले आणि पाळीच्या वाटेनें निघून गेले.